मानधनाची तारीख आधी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढ लागला की कथाचित्रे आणि मुखपृष्ठे करणाऱ्या आम्हा चित्रकारांचे फोन वाजू लागतात. दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू झालेली असते, कथा एकेक करून हाती येत असतात आणि श्रावण सरायच्या आत चित्रे हवी असतात. गेली १९ वर्षे मी पुण्यात राहत्या घरातल्या एका खोलीत बसून हाच व्यवसाय करते आहे. माझे नाव कोणत्याही संस्थेच्या पगारपत्रकावर नाही. जे काम येते त्याचे बिल करायचे आणि ते मंजूर झाले की घर चालवायचे, असा हा संसार आहे. हे पत्र मुद्दाम याच दिवसांत लिहिते आहे, कारण ज्या गोष्टीविषयी लिहायचे आहे ती काम हाती घेण्यापूर्वी ठरली तरच ठरते. एकदा चित्र छापखान्यात गेले की तिच्याविषयी बोलायला कोणालाही सवड नसते.

स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या कलावंताने वेळ, निर्मिती आणि कमाई यांचा मेळ कसा घालावा, यावर सल्ले पुष्कळ ऐकायला मिळतात. पहाटे उठावे, दिवसाचे तुकडे पाडावेत, फोन दूर ठेवावा, स्वतःच्या कामासाठी आठवड्यातला एक दिवस राखावा. हे सल्ले खोटे नाहीत, आणि त्यांतले बरेचसे मी नेमाने पाळते. तरीही इतक्या वर्षांच्या अनुभवावरून माझे असे ठाम मत झाले आहे की आमची ओढाताण मुख्यतः एकाच ठिकाणी सुरू होते: केलेल्या कामाचे पैसे कोणत्या तारखेला मिळणार, हे आम्हाला ठाऊक नसते. ही एक तारीख ठाऊक नसली की तिच्यापायी महिन्याचा हिशेब ढासळतो, हिशेब ढासळला की मिळेल ते काम घ्यावे लागते, आणि मिळेल ते काम घेतले की ज्या सावकाशीतून चांगले चित्र निघते ती सावकाशीच हातची जाते. कलावंताची शिस्त यात फार थोडे करू शकते.

सावकाशी हा शब्द आळसाचा वाटण्याचा संभव आहे, म्हणून एक उदाहरण देते. तीनेक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी कथा आली होती. कथेत एक म्हातारी पालेभाजी विकते, आणि शेवटच्या प्रसंगात ती मेथीच्या जुड्या बांधता बांधता मुलाची वाट पाहते. कथा दोनदा वाचून मी कच्चे रेखाटन केले. म्हातारी समोर दोन्ही हातांत जुडी धरून बसलेली, जणू कोणाला पुष्पगुच्छ देते आहे. चित्र दिसायला बरे होते, पण ते खोटे आहे हे मला कळत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला महात्मा फुले मंडईत गेले आणि बाहेरच्या बाजूला पालेभाजीवाल्या बसतात तिथे, अडथळा होणार नाही अशा बेताने, दोन तास उभी राहिले. तेव्हा दिसले की जुडी समोर धरलीच जात नाही. ती डाव्या तळव्याने गुडघ्यावर दाबलेली असते, उजवा हात सुतळीचे दोन वेढे देतो, अंगठा गाठीच्या जागी रोवलेला असतो, आणि या सगळ्या वेळात बाईचे डोळे जुडीकडे नसतात. ते येणाऱ्या-जाणाऱ्यांवर असतात. कथेच्या लेखकाने हेच लिहिले होते, हात काम करतात आणि डोळे वाट पाहतात, पण ते मला वाचून दिसले नव्हते. घरी येऊन काढलेले चित्र आजही माझ्या बऱ्या चित्रांत मोजते. लेखकाने अंक हाती पडल्यावर आवर्जून फोन केला आणि फक्त त्या अंगठ्याविषयी बोलला.

मंडईतल्या त्या दोन तासांची नोंद कोणत्याही बिलात नाही, आणि ती असावी असे माझे म्हणणेही नाही. पण ते दोन तास मला त्या महिन्यात मिळाले, याचे कारण अगदी व्यवहारी होते. एका शैक्षणिक प्रकाशनाकडून नियमित येणाऱ्या कामाचे पैसे दर महिन्याच्या सात तारखेला खात्यात जमा होत असत. रक्कम मोठी नव्हती. तरी सात तारीख पक्की असल्याने घरभाडे, किराणा आणि विम्याचा हप्ता यांची काळजी त्या सकाळी माझ्या डोक्यात नव्हती. पुढे ते काम बंद झाले, आणि त्यानंतरच्या वर्षी मी काढलेली चित्रे आज पाहिली तर त्यांत मंडईत जाऊन आल्याची खूण कुठेही सापडत नाही. तोच चेहरा, तोच पदर, तीच खिडकी, हाताला सवयीने येणारे सगळे. संपादकांनी ती चित्रे नाकारली नाहीत. मला मात्र ती पाहवत नाहीत.

आता थोडा हिशेब मांडते, कारण आमच्या व्यवसायात तो फारसा कोणी मांडत नाही आणि त्यामुळे एका चित्राला 'इतके कसे लागतात' हा प्रश्न दोन्ही बाजूंनी तसाच राहतो. वर्षाचे दिवस ३६५. त्यांतून ५२ रविवार आणि सणवार, लग्नकार्ये, आजारपण, घरातल्या वडीलधाऱ्यांचे दवाखाने यांचे ३० दिवस वजा केले की २८३ उरतात. यांतला एक तृतीयांश वेळ, म्हणजे सुमारे ९५ दिवस, चित्र काढण्यात जात नाही. तो जातो दर सांगण्यात, बिले करण्यात, बिलांचा पाठपुरावा करण्यात, फाइली छपाईच्या मापात बसवून पाठवण्यात, हिशेब आणि विवरणपत्र यांच्या तयारीत. उरले १८८. आठवड्यातला एक दिवस स्वतःच्या सरावासाठी आणि स्वतःच्या चित्रांसाठी ठेवला, आणि तो ठेवलाच पाहिजे, तर आणखी ४८ दिवस गेले. म्हणजे ज्या दिवसांचे पैसे कोणीतरी देणार आहे असे दिवस १४० आहेत. घरखर्चातला माझा वाटा महिन्याला ३०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३,६०,०००. कागद, रंग, संगणक, सॉफ्टवेअरचे वार्षिक भाडे, वीज, आरोग्यविमा आणि म्हातारपणासाठी बाजूला टाकायची थोडी पुंजी यांचे मिळून २,००,०००. एकूण ५,६०,००० रुपये १४० दिवसांत मिळवायचे, म्हणजे दिवसाला ४,०००. वाचन, पाहणी, कच्चे रेखाटन आणि पक्के चित्र धरून एका कथेच्या दोन चित्रांना तीन दिवस लागले, तर त्यांचे १२,००० रुपये होतात. गेल्या वर्षी मला अशा दोन चित्रांसाठी देऊ केलेली रक्कम २,५०० रुपये होती.

हा आकडा संपादकांना लाजवण्यासाठी सांगत नाही. दिवाळी अंक काढणारी बरीचशी माणसे पदरमोड करून काढतात, हे मी जवळून पाहिले आहे. जाहिराती कमी झाल्या आहेत, कागद महागला आहे, टपालखर्च वाढला आहे. त्या २,५०० रुपयांना मी हो म्हटले, आणि पुन्हाही म्हणेन, कारण चांगल्या कथेला चित्र काढण्यात जे समाधान आहे ते मला इतर कामांत मिळत नाही. कमी पैशांचे काम घ्यायचे की नाही हा माझा निर्णय आहे आणि त्याचा भार मी उचलते. पण कमी पैसे आणि तेही केव्हा येणार ते माहीत नाही, हा भार वेगळा आहे, आणि तो माझ्या निर्णयाने माझ्यावर आलेला नाही.

माझ्याकडे एक जाड वही आहे. तिच्यात प्रत्येक बिलासमोर त्याच्यासाठी केलेल्या फोनांची नोंद मी करत आले आहे. एका अंकाच्या मुखपृष्ठाचे आणि आतल्या चित्रांचे मिळून ८,००० रुपयांचे बिल मी ऑगस्टच्या अखेरीस पाठवले होते. अंकाचे आणि संपादकांचे नाव इथे सांगण्याचे कारण नाही. असे अनुभव एकाच ठिकाणचे नसतात. वहीतल्या नोंदी अशा आहेत. सप्टेंबर: 'अंक छपाईला गेलाय, आता कसं विचारता ताई, जरा दम धरा.' दिवाळीनंतर: 'विक्रेत्यांकडून हिशेब यायचाय.' डिसेंबर: 'जाहिरातींचे पैसे अडकलेत.' जानेवारी: 'अकाउंट्सच्या मॅडम रजेवर आहेत.' फेब्रुवारी: 'चेक तयार आहे, सही व्हायची आहे.' त्यानंतर त्यांच्या कार्यालयात दोन खेपा. पैसे आले ते गुढीपाडवा उलटून गेल्यावर. फोन, निरोप, जाण्यायेण्याचा वेळ यांची बेरीज वहीत साडेनऊ तास आहे. एक संपूर्ण चित्र त्या साडेनऊ तासांत झाले असते. त्याहून जास्त गेले ते तासांत मोजता येणार नाही असे काही. ज्या दिवशी पैशांसाठी फोन करायचा असतो त्या दिवशी सकाळपासून मनात वाक्ये जुळवणे चालू राहते: कसे विचारावे, राग तर येणार नाही ना, पुढच्या वर्षी काम देतील ना. हात कागदावर असतो, पण रेषा अवघडलेली येते. ज्यांनी कधी शाईने रेषा ओढली आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. निब थांबली तिथे ठिपका पडतो आणि तो लपत नाही.

या अवघडलेपणाचे एक मूळ मला आपल्या 'मानधन' या शब्दात दिसते. शब्द सुंदर आहे. ज्याने तो रूढ केला त्याच्या मनात आदरच असणार. पण मान म्हणून दिलेल्या धनाची मागणी करता येत नाही, त्याची तारीख विचारता येत नाही, त्यावर घासाघीस करता येत नाही. सुताराची मजुरी, डॉक्टरांची फी, वकिलांची फी, छपाईवाल्याचे बिल, या सगळ्यांना देण्याची वेळ असते. कलावंताला मिळते ते 'फूल ना फुलाची पाकळी', आणि पाकळी कधी येणार असे विचारणारा माणूस हावरट ठरतो. 'आपल्या घरचंच काम आहे', 'तुमचा नुसता हात फिरला तरी पुरे', 'पाच मिनिटांचं तर काम आहे तुम्हाला', ही वाक्ये बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. त्यांना खरोखरच वाटते की जे सहज दिसते ते सहज झाले असणार. म्हणून मी हल्ली बिलावर 'मानधन' लिहीत नाही, 'मोबदला' लिहिते. प्रारंभी काहींना ते रुक्ष वाटले. परंतु मोबदला या शब्दाला तारीख जोडता येते.

चित्र आणि अंक यांचे नाते मराठीत जुने आहे आणि ते नाते आपण सर्वांनीच जपले आहे. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक निघाला, तिथपासून ही परंपरा मोजली जाते. तेव्हापासून मराठी वाचकाने चित्रकलेची ओळख कलादालनांतून जितकी करून घेतली नसेल तितकी दिवाळी अंकांच्या पानांवरून करून घेतली आहे. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी मुंबईत १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. आमच्या पिढीने त्यांची चित्रे आजोळच्या माळ्यावरच्या जुन्या अंकांत पाहिली. चित्रांइतकेच मला त्या अंकाच्या मालकीचे महत्त्व वाटते. चित्र कोणत्या आकारात छापायचे, कोणत्या कागदावर, किती रंगांत, आणि त्याचे पैसे केव्हा, हे ठरवण्याची सत्ता तिथे एका चित्रकाराच्या हाती होती. प्रत्येक चित्रकाराला प्रकाशक होता येणार नाही. मलाही होता आलेले नाही, आणि तशी इच्छाही नाही. मला चित्रे काढायची आहेत. मग जे प्रकाशक आहेत त्यांच्याशी व्यवहार स्वच्छ असणे, एवढाच मार्ग उरतो.

हा व्यवहार स्वच्छ करण्यासाठी कायदा नाही असे नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ हा सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही लागू होतो. जुलै २०२० पासून सुरू असलेल्या 'उद्यम' नोंदणीला शुल्क नाही; आधार आणि पॅन असले की घरबसल्या ती होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या तारखेला, आणि ती तारीखही ४५ दिवसांपलीकडची असता कामा नये, किंवा तारीख ठरलेली नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढीने, व्याज देणे लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही तरतूद आली, की असे देणे मुदतीत चुकते केले नाही तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा करता येतो. ही माहिती माझ्या व्यवसायातल्या फार थोड्या जणांना आहे. माझी नोंदणी झाल्यावर मी तो क्रमांक बिलावर छापू लागले, आणि ज्या कंपन्यांचे हिशेब सनदी लेखापाल तपासतात त्यांच्याकडून पैसे पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागले, हे मी अनुभवाने सांगू शकते. कोणाला काही बोलावेही लागले नाही. चित्रकार, छायाचित्रकार, मुद्रितशोधक, अनुवादक, अक्षरजुळणी करणारे, सर्वांनी ही नोंदणी अवश्य करावी.

तरीही कायद्याची मर्यादा मला दिसते. एका ठिकाणी मी बिलाबरोबर या तरतुदीची आठवण करून देणारे दोन ओळींचे पत्र जोडले. पैसे आठवड्यात आले आणि त्यानंतर काम आले नाही. शहरात एकमेकांना ओळखणारे शंभर-दोनशे जण असतात आणि 'ती बाई कायदा सांगते' हे वाक्य लवकर पसरते. एवढ्या लहान रकमांसाठी सरकारी परिषदेपुढे तक्रार घेऊन जाणेही परवडत नाही. त्यात पुन्हा वेळच जातो, आणि वेळ वाचवण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. कायदा पाठीशी असावा, पण रोजचे काम रिवाजाने चालते, आणि बदलायला हवा तो रिवाज. न्यूयॉर्क शहराने २०१७ पासून स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठी जो नियम लागू केला त्याचाही भर यावरच आहे: ८०० डॉलर वा त्याहून अधिक रकमेचे काम असेल तर करार लेखी हवा, आणि त्यात तारीख नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पैसे. इतक्या मोठ्या, पैसेवाल्या शहरालाही शेवटी कागद आणि तारीख यांच्यापाशीच यावे लागले.

कागदाविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तिचा संबंध पुढच्या काळातल्या वेळेशी आहे. चित्र एकदा छापून आले म्हणजे त्याचे आयुष्य संपत नाही. तेच चित्र पुढे पुस्तकात, दिनदर्शिकेवर, शुभेच्छापत्रावर, समाजमाध्यमावरच्या जाहिरातीत येऊ शकते, आणि प्रत्येक वेळी त्याचे थोडे पैसे चित्रकाराला मिळाले तर नवे काम न करता मिळालेले ते दिवस असतात. स्वतःच्या चित्रांसाठी लागणारा निवांतपणा अशाच पैशांतून येतो. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाप्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते समजले जाते. पण याच कायद्यात अशीही तरतूद आहे की कोणी मोबदला देऊन सांगून करून घेतलेले रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक ते करून घेणारा ठरतो. तोंडी व्यवहारात ही बाब चित्रकाराच्या विरुद्ध जाते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. माझे एका कादंबरीसाठी केलेले मुखपृष्ठ काही वर्षांनी दुसऱ्याच एका पुस्तकावर, कडेने कापून आणि रंग बदलून, मला एका प्रदर्शनात विक्रीला मांडलेले दिसले. प्रकाशक सज्जन होते. 'अहो, आपलंच तर चित्र होतं, म्हणून वापरलं,' असे ते अगदी सरळ मनाने म्हणाले. आमच्यात कागद नव्हता, त्यामुळे 'आपलं' म्हणजे कोणाचे, हे दोघांनाही सांगता आले नाही.

अलीकडे काही अंकांत यंत्राकडून करवून घेतलेली चित्रे दिसू लागली आहेत. त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. इथे इतकेच म्हणते की मंडईतल्या त्या अंगठ्यासाठी कोणाला तरी सकाळी साडेसातला तिथे जाऊन उभे राहावे लागते, आणि तसे उभे राहण्याइतकी निश्चिंती चित्रकाराला मिळाली नाही तर यंत्राने केलेले चित्र आणि घाईने हाताने केलेले चित्र यांतला फरक वाचकालाही कळेनासा होईल.

आमच्याकडूनही चुका होतात, आणि त्या मान्य केल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. आम्ही दर सांगायला लाजतो. 'तुम्हीच काय ते द्या' असे म्हणून मोकळे होतो आणि नंतर मनात कुढत बसतो. दुसरा चित्रकार किती घेतो हे विचारत नाही, आपण किती घेतो हे सांगत नाही. चित्र उशिरा देतो, तारीख आम्हीही पाळत नाही, आणि मग समोरच्याने तारीख पाळावी ही अपेक्षा उघड बोलण्याचा अधिकार गमावतो. मी स्वतः पहिली सात-आठ वर्षे हेच केले. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून चित्रकार घडवते आहे. गावोगावी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देणारी मुले आजही तितक्याच हौसेने रंगपेटी घेऊन केंद्रावर जातात. मी शिकले त्या महाविद्यालयात यथार्थदर्शन, मानवाकृती, अक्षरांकन सगळे मन लावून शिकवले गेले. बिल कसे करायचे, त्यावर काय लिहायचे, हक्क म्हणजे काय, हे कोणी शिकवले नाही, आणि आम्हीही कोणाला विचारले नाही. अधूनमधून शिकाऊ मुले माझ्याकडे कामासाठी येतात. मी त्यांना पहिल्या आठवड्यात चित्राआधी बिल करायला लावते. रक्कम, कामाचे स्वरूप, किती वेळा दुरुस्ती करून मिळेल, चित्र कशासाठी वापरले जाईल, आणि पैशांची तारीख. त्यांना ते कंटाळवाणे वाटते, पण मी हट्ट सोडत नाही.

गेल्या दोन वर्षांपासून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. काम सांगणाऱ्याला मी एक पानी मराठी पत्र पाठवते, त्यात वरच्या पाच गोष्टी असतात, आणि 'मान्य आहे' एवढे उत्तर व्हॉट्सअॅपवर आले तरी पुरे असे लिहिलेले असते. तारखेची जागा मी मोकळी सोडते. ती त्यांनीच भरायची असते. काहींनी लगेच भरली. काहींनी भरली ती चार महिन्यांनंतरची होती आणि मी ती स्वीकारली. आश्चर्य म्हणजे ती पाळली गेली. चार महिन्यांनंतर येणारे ३,००० रुपये मला आज मिळणाऱ्या ३,००० रुपयांइतके उपयोगी नाहीत हे खरे आहे, पण ते येणार आहेत हे माहीत असल्याने मधले चार महिने माझे होते. दोघांनी मात्र उत्तर दिले नाही, आणि त्यांचे काम मी केले नाही. त्यांतली एक कथा फार चांगली होती, तिचे वाईट अजूनही वाटते.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्राचा दिवाळी अंकही याच दिवसांत आकार घेत असेल. लेखक आणि चित्रकार यांना जी निमंत्रणपत्रे जातात त्यांत शब्दमर्यादा असते, मजकूर पाठवण्याची अंतिम तारीख असते, ती न पाळल्यास साहित्य घेता येणार नाही अशी सूचनाही असते, आणि ती योग्यच आहे. त्याच पत्राच्या तळाशी यंदा आणखी एक ओळ घालावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे: मोबदला इतके रुपये, अमुक तारखेपर्यंत आपल्या खात्यात जमा होईल. आपण ती छापली तर इतर अंकांनाही ती छापणे सोपे जाईल, कारण या बाबतीत पहिला कोण, याचीच सगळे वाट पाहत असतात. ती तारीख डिसेंबरची असली तरी चालेल, जानेवारीची असली तरी चालेल. वहीत मी ती लिहून ठेवीन, तिच्यापुढे फोनांच्या नोंदींसाठी जागा सोडणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कथा पिशवीत घालून मंडईत जाईन.

आपली विश्वासू,
एक कथाचित्रकार, पुणे